हिरवी टेस्ट, लाल टेस्ट आणि मराठी लॅपटॉप

सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या की कोड बरोबर, असं आपण धरून चालतो आणि मेसकडे पळतो. पण मित्रांनो, ती टेस्ट कुणाच्या मशीनवर हिरवी झाली, हे कुणी विचारतं का?

मागच्या बॅचकडून आमच्या ग्रुपला मेसबिलाचा जावा प्रोग्रॅम मिळाला. तिघांकडे सगळं ओके. माझ्या रूमपार्टनरकडे मात्र लालच लाल! त्याचा लिनक्स मराठीत. लगेच फर्मान निघालं, "सिस्टीम इंग्रजी कर रे, उगाच डोकं खाऊ नको." तो शांतपणे म्हणाला, "बिघाड कोडमध्ये आहे. भाषा मी का बदलू?"

मला त्याचं पटलं. रात्री दोघं बसलो. टेस्टला रक्कम इंग्रजी आकड्यांत हवी होती. हाती येत होतं '१२५०.५०'. हिशोब अगदी बरोबर, तरी नापास! कारण साधं. जावाच्या 'स्ट्रिंग डॉट फॉरमॅट'ला लोकेल सांगितला नाही, तर तो मशीनचा लोकेल घेतो. २०१७ च्या जावा ९ पासून लोकेलची माहिती युनिकोडच्या सीएलडीआरमधून येते, आणि तिथे मराठीचे आकडे देवनागरीच आहेत. म्हणजे मशीन चुकलं नव्हतं, मराठी बोलत होतं!

हे दुखणं एकट्या मराठीचं नाही. तुर्की भाषेत टिंबाचा आय आणि बिनटिंबाचा आय ही दोन वेगळी अक्षरं. मोठ्या लिपीतला 'फाईल' शब्द तुर्की मशीनवर लहान लिपीत केला, की आयवरचं टिंब गायब! दिसायला एवढंसं, पण तुलना फसते. जर्मनीत दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम, म्हणजे तिथे वेगळाच घोळ.

उपाय दोन ओळींचा. जे मशीनने वाचायचं, तिथे स्पष्टपणे 'लोकेल डॉट रूट' द्यायचा. जे माणसाने वाचायचं, तिथे त्याची भाषा ठेवायची. आणि सबमिशनआधी त्याच टेस्ट तुर्की व मराठी लोकेलमध्येही एकदा चालवायच्या.

पार्टनरला आपण दमात घेऊ शकतो हो. पण उद्या आपलं ॲप गावाकडच्या आजीच्या मराठी फोनवर अडलं, तर तिलाही "आधी इंग्रजी कर" असंच सांगणार का?