बर्फावरच्या दोन फळ्या

सेवानिवृत्तीनंतर दर दोन वर्षांनी आम्ही उभयता अमेरिकेत डेन्व्हर येथे आमच्या ज्येष्ठ कन्येकडे जातो. गेल्या खेपेस मार्च महिन्यात तेथे पोहोचलो, तेव्हा घरात कोणत्या तरी विषयावर अबोला असल्याचे दुसऱ्याच दिवशी ध्यानात आले. विषय होता स्कीचा. आदल्या वर्षीच्या जानेवारीत बर्फाच्या उतारावर ती पडली होती आणि गुडघ्यातील अस्थिबंध दुखावला होता. अनेक महिने व्यायामोपचार चालले. आता डॉक्टरांनी परवानगी दिली होती आणि तिला पुन्हा उतारावर जायचे होते. एवढेच नव्हे, तर नवी स्की विकत घ्यायची होती. जावईबापूंचा विरोध होता. आमच्या सौभाग्यवतींच्या डोळ्यांना तर धारा लागल्या. तीन तपांहून अधिक काळ कर्जप्रस्ताव वाचण्यात गेल्याने घरातील तंटे माझ्यापुढे येतात, तसा हाही आला.

खरे सांगायचे तर माझा निकाल आधीच ठरला होता. अडतीस वर्षांची दोन मुलांची आई, एकदा पडलेली, आणि हजार डॉलरच्या घरात जाणारा खर्च! मी नकारच देणार होतो. तिने तो माझ्या चेहऱ्यावर वाचला असावा. म्हणाली, “अण्णा, नाही म्हणायचे तर म्हणा. पण आधी जागेवर येऊन पाहणी करा. बँकेत तुम्ही पाहणी केल्याशिवाय प्रस्ताव नाकारत नव्हता ना?”

या वाक्याने मला का टोचले, ते पुढे सांगतो.

तिची जुनी स्की गॅरेजमध्ये भिंतीला उभी होती. सहा वर्षांपूर्वी लग्नाच्या वाढदिवसाला जावईबापूंनी सवलतीच्या दरात घेतलेली. फिकट गुलाबी, वर फुलांची नक्षी, लांबी १५० सेंटिमीटर, हातात घेतली तर हलकी. दोन टोके धरून मधोमध दाबले की सहज लवायची. शिकाऊ माणसाला अशी स्की सोयीची, कारण ती वळवायला सोपी असते आणि चुका पोटात घालते. परंतु या सहा वर्षांत मुलगी शिकाऊ राहिली नव्हती. तेथे उतारांवर खुणा असतात. हिरवे वर्तुळ म्हणजे सोपा, निळा चौकोन म्हणजे मध्यम आणि काळा चौकट म्हणजे अवघड. ती निळ्या उतारांवर वेगाने जाऊ लागली होती, काही काळेही उतरली होती. पायांतील स्की मात्र हिरव्या वर्तुळाचीच राहिली.

रविवारी पहाटे निघालो. आयझेनहॉवर बोगदा सुमारे ११,००० फुटांवर आहे. आपल्या कळसूबाईच्या दुप्पट उंचीवरून मोटार बोगद्यात शिरते, हे मनात आले की थोडा दम लागतोच. पलीकडे कॉपर माउंटन. त्याच्या पायथ्याचीच उंची ९,७०० फुटांच्या आसपास. मार्चमध्ये दुपारी बर्फ पाघळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. त्यामुळे सकाळी उतार टणक असतो व दुपारी पुरणासारखा मऊ होतो. तेथे एकाच दिवसात स्कीची दोन्ही प्रकारे परीक्षा होते.

आमच्या व्यापारी वाचकांना आवडेल अशी एक पद्धत तेथे पाहिली. पायथ्याच्या दुकानात चाचणीसाठी स्की भाड्याने मिळते. दिवसभरात हव्या तितक्या वेळा बदलून न्यावी, आणि पसंत पडून विकत घेतली तर भाड्याची रक्कम किमतीतून वजा करतात. मात्र स्की देण्यापूर्वी अर्ज भरावा लागतो. वय, उंची, वजन, बुटाच्या तळव्याची लांबी आणि आपण कशा प्रकारे स्की चालवतो, त्याचा वर्ग. या माहितीवरून बूट पकडून ठेवणाऱ्या बाइंडिंगचा ताण ठरतो. ताण फार ठेवला तर पडताना पाय सुटत नाही. कमी ठेवला तर भलत्याच क्षणी स्की निसटते. तंत्रज्ञ पन्नाशीची बाई होती. ती हसून म्हणाली, वजनाच्या रकान्यात काही जण लाजून कमी आकडा लिहितात, तेव्हा आम्ही पुन्हा विचारतो. आमच्या कन्येने वजन खरे लिहिले, पण वर्ग मात्र सर्वांत सावध असा पहिला. बाईने तिला चार प्रश्न विचारले आणि तिच्याच हातून तो बदलून घेतला. जाता जाता असेही बजावले की बाइंडिंग मुख्यतः पायाचे हाड मोडू नये म्हणून असते, गुडघ्याच्या अस्थिबंधाची हमी ते देत नाही. आणि ती इजा स्त्रियांना पुरुषांपेक्षा अधिक होते. मला हे स्पष्ट बोलणे आवडले. माल विकायला बसलेल्या माणसाने धोका आपणहून सांगावा, हे रोज घडत नाही.

मग तिने मला स्कीचे शास्त्र समजावले. १९९३ च्या सुमारास एलान या स्लोव्हेनियाच्या कंपनीने कमरेत बारीक व दोन्ही टोकांना रुंद अशी स्की बाजारात आणली आणि सारा धंदाच बदलला. अशी स्की कडेवर झुकवली की माणसाच्या भाराने ती धनुष्यासारखी वाकते आणि त्या वाकानेच वळण घेते. कंबर अरुंद असली तर टणक बर्फावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर झटकन जाता येते. रुंद असली तर भुसभुशीत बर्फावर तरंगता येते. सर्व प्रकारच्या उतारांसाठी जी केलेली असते तिला ऑल-माउंटन म्हणतात. स्त्रियांच्या अशा बहुतेक स्कींची कंबर ८५ ते १०० मिलिमीटरच्या दरम्यान असते. मुख्य प्रश्न ताठपणाचा. स्की वाकवायची ती अंगाच्या भाराने आणि वेगाने. फार ताठ असेल तर हलक्या अंगाची व्यक्ती तिला वाकवू शकत नाही. फार लवचीक असेल तर वेगात ती थरथरते आणि कड सोडते.

“मग बायकांची स्की निराळी कशासाठी?” मी विचारले.

बाई म्हणाली, की पूर्वी पुरुषांचीच स्की आखूड करून, मऊ करून वर फुले रंगवत. जीनी थोरेन या अमेरिकन महिलेने अनेक वर्षे ठिकठिकाणी फिरून हे पटवून दिले, की स्त्रीच्या शरीराचा गुरुत्वमध्य निराळा असतो. बाइंडिंग थोडे पुढे बसवले आणि टाचेखाली आधार दिला, तर तीच स्त्री त्याच उतारावर वेगळी उतरते. आता चांगल्या कंपन्या स्त्रियांची स्की मुळापासून आखतात. पण ‘स्त्रियांसाठी’ म्हणजे ‘कच्च्यासाठी’ ही समजूत दुकानांतून अजून पुरती गेलेली नाही.

मला सांगलीची हळदीची पेठ आठवली. १९९४ साल असावे. पतीच्या पश्चात दुकान सांभाळणाऱ्या एक बाई माझ्याकडे तीन लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा मागायला आल्या होत्या. मी त्यांच्या गोदामात गेलो नाही, उधारी-वसुलीच्या वह्या मागवल्या नाहीत. महिलांसाठी असलेल्या योजनेतून पंचवीस हजारांचे मुदत कर्ज सुचवले. झेपेल असे, हलके, आखूड! आपण सौजन्य दाखवले असेच मला वाटले होते. ऐन हंगामात त्यांना शेजारच्याच अडत्याकडून चढ्या भावाने माल उचलावा लागला, असे नंतर कानावर आले. मुलीला यातले काही ठाऊक नव्हते. ती सहज बोलून गेली होती.

असो. पहिली उतरण तिने मुद्दाम जुन्या स्कीवर केली. मी आणि सौ. पायथ्याशी उभे होतो. ती दिसण्याआधी आवाज आला, पत्र्यावर दगड घासल्यासारखी खरखर. ती थांबली तेथे जाऊन मी बर्फावरचा माग पाहिला. वीतभर रुंद पुसट पट्टा, फडक्याने पाटी पुसावी तसा. दुसऱ्या खेपेस पुरुषांच्या विभागातील लांब, ताठ स्की होती, दुकानातल्या एका तरुणाने आग्रहाने दिलेली. आवाज नव्हता, पण वळणे लांबलचक. जणू स्कीच तिला नेत होती. दुसऱ्या उतरणीनंतर मांड्या भरून आल्या म्हणून ती बाकावर बसली. मी मनात म्हटले, चला, प्रश्न मिटला.

तिसरी होती नॉर्डिकाची सांता आना ९३. आकडा कमरेच्या मिलिमीटरांचा. आत लाकडी गाभा आणि टिटॅनल या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा, तरीही आखणी स्त्रीच्या वजनाची. लांबी तिच्या उंचीएवढी, जुनीपेक्षा सुमारे १५ सेंटिमीटर अधिक. आखूड म्हणजे सुरक्षित या समजुतीने सौ. धास्तावल्या. “वेग जास्त होईल गं,” त्या म्हणाल्या. “आई, वेग मी ठरवते. ती फक्त डगमगत नाही,” कन्येने उत्तर दिले.

या वेळी ती दिसल्यावरच आली हे कळले. मागे बर्फावर दोन बारीक रेघा वळत वळत खाली आल्या होत्या. बेरजेखाली आम्ही खातेवहीत मारतो तशा, स्वच्छ. दुपारी बर्फ मऊ झाल्यावर तिने पुन्हा तीच स्की नेली. चिखलटलेल्या उंचवट्यांवर ती जरा जड गेली, हे तिनेच प्रामाणिकपणे सांगितले. सर्व ठिकाणी अव्वल असे काही नसते, बाई म्हणाली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाता खाता जावईबापूंनी ताण, वजन, लांबी सारे पुन्हा विचारून घेतले. जुन्या स्कीची कोणी आठवण काढली नाही. ती त्यांनी प्रेमानेच आणली होती.

पडण्याचा दोष केवळ जुन्या स्कीचा होता असे मी म्हणणार नाही. भीतीही माझ्या मनातून गेलेली नाही.

संध्याकाळी दुकानात बाईने विचारले, “बाइंडिंगसाठी भोके पाडली की स्की परत घेता येत नाही. पाडू?” कन्येने माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली आणि कार्ड पुढे केले. ती म्हणाली, “अण्णा, पैसे मी देणार आहे. तुम्ही फक्त त्या धरा.” यंत्र सुरू झाले. बूट काढेपर्यंत बाहेर अंधारले होते. त्या दोन फळ्या खांद्यावर घेऊन मी मोटारीकडे निघालो. जुनीपेक्षा त्या बऱ्याच जड होत्या.