उपाशी कोळसा

घेवड्याचा वेल माजला की बघणारे खूश होतात. ज्याला शेंगा हव्यात तो सोडून. शेणखत हात सैल सोडून घातलं की पानं तळहाताएवढी होतात, मांडव झाकून जातो, फुलाचा मात्र पत्ता नाही. खरं तर घेवडा काय, वाल काय, यांना नत्र वरून फार लागत नाही. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू ते हवेतून मिळवून देतात. आयतं मिळालं की वेल त्यांना विचारीत नाही. एखादं रोप अलगद उपटून गाठ नखाने फोडावी. आत लालसर गुलाबी दिसलं तर काम चालू आहे.

या गाठींना कोळसा मानवतो. कोलंबियातला घेवड्यावरचा एक प्रयोग 2007 साली प्रसिद्ध झाला. मातीत कोळसा मिसळल्यावर वेलातल्या नत्रापैकी हवेतून आलेला वाटा 50 टक्क्यांवरून 72 टक्क्यांपर्यंत गेला. माती तिथली आम्ल, निकस. कोकणातली जांभ्याची मातीही आम्लच, म्हणून तिथे हे पटतं. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या रानात एवढा गुण येईल, असं मला वाटत नाही.

कोकणात राब भाजतातच की! पण राबाची बरीचशी राखच होते. कोळसा हवा तर जाळाची हवा तोडावी लागते. खड्ड्यात वाळक्या काटक्या पेटवायच्या, वर राखेची पांढरी साय धरू लागली की पुढचा थर टाकायचा, आणि शेवटी पाणी ओतून सगळं विझवायचं. नीट जमलेला कोळसा हाताला लागला तर नुसत्या पाण्याने निघतो; साबण मागू लागला तर कच्चा राहिला समजावं.

मात्र कोरा कोळसा वाफ्यात घालू नये. तो उपाशी असतो. मातीतलं नत्र स्वतःच धरून बसतो आणि वेल पिवळा पडतो. आधी चुरून कंपोस्टच्या ढिगात काही आठवडे मुरवावा, लोणच्याच्या फोडीसारखा. ढिगाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नको. ओलावा धरायला, जिवाणूंना राहायला जागा कोळशाची, खाणं कंपोस्टचं.

थंडीत रायगडाकडे पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, भोवती जाळ. मडकं निघालं की सगळे शेंगांवर तुटून पडतात आणि मागे इतके छान निखारे राख होत बसतात! मी बादली उचलली की कुणीतरी ओरडतंच, "अहो थांबा, त्यावर अजून चहा व्हायचाय!"