लिंबाचे चार थेंब

परवां रविवारीं सकाळीं कोशिंबीर करावी म्हणून मी स्वयंपाकघरांत गेलें, तों टोपलींत काकडी नाहीं, दह्याची वाटी अर्धी झालेली, आणि डाळीच्या पिठाचा डबा सताड उघडा! घरांत मांजर नाहीं. आणि असतें तरी मांजर डाळीच्या पिठाच्या वाटेला जात नाहीं. चोराचा माग काढीत मी बाहेरच्या खोलींत आलें. पाहतें तर माझी सोळा वर्षांची नात आरामखुर्चींत निवांत पडलेली. डोळ्यांवर काकडीच्या दोन चकत्या आणि उरलेल्या चेहऱ्यावर भज्यांचें पीठ. कढईंत सोडायचीच काय ती बाकी होती!

रागवावें म्हणून मीं तोंड उघडलें, पण शब्द फुटेना. त्या पिठाच्या वासाबरोबर साठ वर्षें मागें गेल्यासारखें मला झालें.

आपल्याकडे हा प्रकार कांहीं नवा नाहीं. तान्ह्या मुलाला साय आणि डाळीचें पीठ लावून न्हाऊं घालतात. नरकचतुर्दशीच्या पहांटे उटणें लागतें; त्यांत चंदन, आंबेहळद, नागरमोथा, वाळा, गव्हला-कचोरा अशी मंडळी एकत्र नांदतात. लग्नांत नवऱ्यामुलाला लावून उरलेली उष्टी हळद वाजतगाजत नवरीकडे जाते. पाळण्यापासून बोहल्यापर्यंत आपल्याला कोणी ना कोणी कांहींतरी चोळीतच असतें म्हणाना! पण या लेपांना गुण आला कीं नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं. लावणाऱ्याला समाधान, लावून घेणाऱ्याला सुगंध. हिशेब तेथेंच मिटतो.

माझ्या वांट्याला आलेल्या लेपाचा हिशेब मात्र दर आठवड्याला होई. 1960 नंतरचीं तीं वर्षें. मी सावळी होतें. ‘सावळी’ हा आमच्या आप्तेष्टांचा तोंडावरचा शब्द. पाठीमागें ते दुसरा वापरीत. माझी धाकटी बहीण गोरीपान. रविवार उजाडला कीं आई मला न्हाणीघरापुढें पाटावर बसवी. मसुरीची डाळ रात्रीं दुधांत भिजत घातलेली असे. ती पाट्यावर वाटून तींत सायीचा गोळा आणि हळदीची चिमूट घालायची. बहिणीला साय साखरेबरोबर खायला मिळे, आणि मला तोंडाला! लेप वाळूं लागला कीं कातडी ओढली जाई. मग हंसायचें नाहीं कीं बोलायचें नाहीं. तोंड धुतल्यावर आई माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवी आणि न्याहाळी. त्या न्याहाळण्याचा मला फार धाक वाटे. ती बोलत कांहींच नसे. पुढल्या रविवारीं हळद थोडी अधिक पडे, इतकेंच.

असा लेप काय करूं शकतो हें आतां आमच्यासारख्या घरबशांनाही कळण्याजोगें झालें आहे. डाळीचें पीठ तेलकटपणा टिपून घेतें; साय कोरड्या कातडीला मऊपणा आणते; दह्यांतलें आम्ल आणि कच्च्या पपईच्या चिकांतलें पपेन वरची निर्जीव पापडी सैल करतात; काकडींत शेंकडा 95 भाग पाणीच, तें गारवा देतें. इतकी चाकरी पुष्कळ झाली. रंग मात्र यांच्यापैकीं कोणाच्याच हातचा नाहीं. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या कातडींत रंग घडविणाऱ्या पेशी जवळजवळ सारख्याच संख्येनें असतात; त्या मेलॅनिन किती आणि कोणत्या जातीचें बनवितात यावर सारा फरक, आणि तें वाडवडिलांकडून ठरून आलेलें असतें. हेंच मेलॅनिन उन्हाच्या तडाख्यापासून कातडीला राखतें. आई दर रविवारीं जें घासून काढूं पाहत होती, तें माझें छत्र होतें!

हें शहाणपण मला वेळेवर सुचलें असतें तर पुढची गोष्ट सांगण्याची पाळी माझ्यावर आली नसती. 1999 च्या मे महिन्यांत माझ्या लेकीला पाहायला मंडळी यायची होती. तीही माझ्याच रंगाची. पदवी घेतलेली, नोकरीला लागलेली. चार दिवस आधीं मीं तिला डाळीच्या पिठाचा लेप लावला. त्यांत लिंबाचे चार थेंब घालावे, असें कोणींतरी सांगितलें होतें. चार थेंबांनीं काय होणार, म्हणून मीं अर्धें लिंबू पिळलें. आणि लेप लवकर वाळावा म्हणून तिला गच्चीवर उन्हांत बसविलें.

दुसऱ्या दिवशीं गाल लाल झाले, तिसऱ्या दिवशीं बारीक फोड आले. डॉक्टरांनीं समजावून सांगितलें, तेव्हां माझी मान खालीं गेली. कातडीचा सामू साधारण 5, लिंबाच्या रसाचा 2 च्या आसपास. या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक दहापटीचा, तेव्हां तीन अंकांचा हजारपट झाला. शिवाय कागदी लिंबांत अशीं कांहीं द्रव्यें असतात कीं तीं अंगावर असतांना ऊन लागलें तर कातडी भाजल्यासारखी होते. फोड बसले आणि मागें तपकिरी डाग राहिला. उजळायला लावलेल्या लिंबानें पोरीला काळा डाग दिला, आणि तो दिवाळीपर्यंत हटला नाहीं.

लेक रडली नाहीं. शांतपणें म्हणाली, “आई, पाहुण्यांनीं नापसंत करण्याआधीं तूंच करून मोकळी झालीस.”

त्या रात्रीं मला आईचें तें न्याहाळणें उमगलें. तिला भीति वाटत होती. लोक माझ्या पोरीला काय म्हणतील याची भीति, आणि तिच्याशीं झुंजायला त्या बिचारीच्या हातीं सायीवांचून दुसरें शस्त्र नव्हतें. पण लहान मुलाला आईची भीति दिसत नाहीं. त्याला फक्त तिचे डोळे दिसतात.

“आजी, तूं आहेस ना ग?” ओठ न हलवितां नात पुटपुटली. “लिंबू घालायचं राहिलं. जरा पिळतेस?”

“लिंबू सरबतांत घालीन,” मी म्हणालें. आणि मग तिच्या आईच्या गालाची सगळी कथा तिला सांगितली. शेवटीं भीत भीत विचारलें, “गोरं व्हायचंय का तुला?”

“छे ग! परीक्षा संपली ना काल? गार वाटतं म्हणून लावलं.” मग डोळ्यांवरची एक चकती उचलून ती म्हणाली, “वाटींत उरलंय. ये, तुला लावतें.”

बहात्तराव्या वर्षीं मी भज्यांचें पीठ लावून खुर्चींत बसलें. तिचीं बोटें गार होतीं. लेप वाळला, कातडी ओढली जाऊं लागली, आणि तरीही आम्ही दोघी हंसलों; पिठाला तडे गेले ते गेलेच. मीं तोंड धुतलें आणि संवयीनें हनुवटी वर केली. पण पाहायला तेथें कोणीच नव्हतें. पोरगी केव्हांच स्वयंपाकघरांत जाऊन कोशिंबिरीसाठीं दुसरी काकडी शोधीत होती.