तिथीची पाऊणपट

रेवसच्या धक्क्यावर जुन्या माणसाला भरतीची वेळ विचारलीत, तर तो आधी तिथी काढतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीचे वाजलेले तास येतात, हा मुंबई बंदर आणि समोरच्या किनाऱ्यावरचा हिशेब. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. धरमतरच्या खाडीच्या तोंडाशी गाळ साचतो, ओहोटीला पाणी उथळ होतं, म्हणून करंजाला तरीनं जाणाऱ्यालाही हा पाढा उपयोगी. भरती-ओहोटीचे तक्ते आता मोबाइलवर मिळतात. हिशेब मात्र अजून जुळतो, आणि माझ्या कामाच्या दृष्टीनं तो भलताच अवघड आहे.

माझं काम म्हणजे गणिताच्या मुक्त सॉफ्टवेअर लायब्ररींमध्ये मोजमापाची एककं बसवणं. सिम्पाय, पिंट, जीएनयू युनिट्स ही त्यांतली काही नावं. त्यांचा मजकूर कुणीही उघडून वाचावा, बदल सुचवावा. सांभाळणारे लोक तो तपासतात आणि पटला तर आत घेतात. अशा लायब्ररीत ‘५ मीटर’ हा नुसता आकडा नसतो. त्याच्याबरोबर मितींची यादी असते : लांबीचा घात किती, काळाचा किती, वस्तुमानाचा किती. गुणाकारात हे घात मिळवले जातात, भागाकारात वजा होतात, आणि बेरीज सगळे घात जुळले तरच होते. फ्रेंच गणिती फूरिए यानं १८२२ च्या उष्णतेवरील ग्रंथात मांडलेली ही कल्पना. एककांची सगळी सॉफ्टवेअरं तिच्यावरच उभी आहेत.

तर अशा लायब्ररीला ‘आठ तिथी गुणिले पाऊण’ सांगा. ती विचारणार, सहा कसले?

कुणी म्हणेल, तिथी म्हणजे काळ, सरासरी २३.६२ तास लिहून टाका. मी ते घेणार नाही. तिथी कधी एकोणीस-वीस तासांची असते, कधी सव्वीसांच्या पुढे जाते. क्षयतिथी आणि वृद्धितिथी त्यामुळेच होतात. जे एकक दर वेळी लांबी बदलतं ते काळाचं एकक नव्हे. तिथी हा कोन आहे. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. तीस तिथींत ३६० अंश पुरे. हे मात्र तंतोतंत आहे, आणि चिन्हांनी गणित करणाऱ्या सिम्पायसारख्या लायब्ररीत ते बारा अंश दशांश न होता पाय भागिले पंधरा असेच राहतात.

मग पाऊण कुठून आलं? ते नुसतं पाऊण नाहीच, ‘दर तिथीला पाऊण तास’ आहे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. चंद्र १२ अंश पुढे गेला, तर त्याला गाठायला पृथ्वीला ४८ मिनिटं जास्त लागतात. अठ्ठेचाळीसची केली पंचेचाळीस, कारण पाऊणकी तोंडपाठ असते. तिथीमागे तीन मिनिटं सोडल्यामुळे पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाची तूट पडते : पाढा सव्वाअकरा सांगतो, भरती बाराच्या आसपास येते. शिवाय प्रत्येक बंदराचं स्वतःचं एक अंतर असतं, चंद्र डोक्यावर आल्यापासून पाणी चढेपर्यंतचं. मुंबईत ते जवळजवळ पूर्ण बारा तासांचं, म्हणून घड्याळात दिसत नाही. दुसऱ्या बंदरावर हाच पाढा न्यायचा तर आधी काही तरी मिळवावं लागेल. सेल्सिअसचं दुखणं हेच आहे. तिथंही गुणण्याबरोबर २७३.१५ मिळवावे लागतात, आणि असं एकक गुणाकारावर चालणाऱ्या यंत्रणेत सरळ बसत नाही. नवशिक्यांना सेल्सिअस सोपं वाटतं. आमच्याकडे सर्वांत जास्त वाद त्यावरच होतात.

गुंठा त्या मानानं फार गुणी. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. म्हणजे जमीनमोजणीच्या ६६ फुटी गुंटर साखळीच्या निम्मी बाजू. १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. नवीन एकक पाठवताना नाव, मिती, गुणक, आधार आणि चाचणी एवढं द्यावं लागतं. गुंठ्याची चाचणी साधी : एक एकर भागिले एक गुंठा बरोबर ४० यायला हवेत, ४०.००००००१ नव्हे. म्हणून सिम्पायमध्ये फूट दशांशात नसतो. ३८१ भागिले १२५० मीटर असा अपूर्णांकात असतो. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा आणि सातबाऱ्यावरचा आर १०० चौरस मीटरचा. दहा आरांना दहा गुंठे समजणाऱ्याच्या हिशेबात सुमारे १२६ चौरस फुटांचा घोळ होतो. अलिबाग तालुक्यातल्या आजच्या भावात तेवढी खोली स्वस्त नाही.

पण कोणता फूट? १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानं फूट ०.३०४८ मीटर ठरला. सर्वेक्षणाच्या ईपीएसजी या नोंदसंग्रहात ‘भारतीय फूट’ वेगळा आहे, तोही एक नाही. १९३७, १९६२, १९७५ अशी सालं जोडलेली आहेत. १९६२ चा ०.३०४७९९६. गुंठ्यात हा फरक टपालाच्या तिकिटाएवढा, हजार किलोमीटरच्या त्रिकोणमापनात सव्वा मीटरहून अधिक. सालासकट नाव देण्याची ही रीत मला फार आवडते.

सागरी मैल १९२९ पासून नेमका १८५२ मीटर. एका नावाजलेल्या लायब्ररीत तो ६०७६ फूट असा लिहिलेला मी पाहिला आहे; मैलामागे साडेतीन सेंटिमीटर कमी. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येणाऱ्या लाँचला त्याचं सोयरसुतक नाही. अचूक अपूर्णांकांचा अभिमान बाळगणाऱ्या लायब्ररीला असायला हवं.

१९९९ मध्ये एककांच्या घोळापायी मंगळाजवळ गमावलेल्या नासाच्या यानाचं उदाहरण आमच्या क्षेत्रात उगाळून गुळगुळीत झालंय. मला ब्रास जास्त महत्त्वाचा वाटतो. रेतीचा ब्रास १०० घनफूट. प्लास्टरचा ब्रास १०० चौरस फूट. गवंड्याला कधी गोंधळ होत नाही, समोर काय पडलंय ते त्याला दिसतं. लायब्ररीला दिसत नाही. तिथं दोन वेगळी नावं हवीत, आणि नुसतं ‘ब्रास’ लिहिलं तर तिनं अंदाज न बांधता अडून बसावं.

मणापाशी मात्र मी थांबतो. जीएनयू युनिट्समध्ये शेर १४,४०० ग्रेनचा आणि मण ४० शेरांचा, म्हणजे ३७.३२ किलो, बंगालकडचा. मुंबईचा व्यापारी मण २८ पौंडांचा, १२.७० किलो. एकाच नावाखाली जवळपास तिप्पट फरक. वीस मणांची खंडी. मुंबईच्या मणानं ५६० पौंड, पण कापसाची ७८४ पौंड, आणि तीच आजही ३५६ किलो म्हणून बाजारात चालते. भाताची खंडी तर वजनच नव्हे, ते आकारमान. कुठे बारा पायल्यांचा मण, कुठे सोळांचा. त्यातही पायली शिगेची की हात फिरवून सपाट केलेली? अलिबाग तालुक्यातच चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ संप केला. खोताला द्यायचा खंड भातात होता, तेव्हा शीग हा कुळाच्या ताटातल्या भाताचा प्रश्न होता. १९५६ च्या कायद्यानं ही मापं व्यवहारातून काढली, ते योग्यच झालं. जुने कागद मात्र अजून त्याच मापांत बोलतात.

म्हणून माझं मत असं : गुंठा आणि दोन्ही ब्रास लायब्ररीत जावेत, तिथी कोन म्हणून जावी, आणि मण व खंडी गावाच्या व सालाच्या नावाशिवाय घेऊच नयेत. त्यासाठी आकडे हवेत. अलिबाग, पेण, उरणकडे कुणाच्या माळ्यावर जुनी पायली असेल, तर तिच्यात तांदूळ भरा, एकदा सपाट आणि एकदा शिगेनं. तेच तांदूळ लिटरच्या मापानं मोजा. गाव, पायलीवर शिक्का असल्यास तो, आणि दोन्ही आकडे लिहून या लायब्ररी सांभाळणाऱ्यांकडे पाठवा. सुधारणा सुचवायला प्रोग्रामर असावं लागत नाही.