अधांतरी वजन

लोखंडाकडे चुंबक धाव घेतो, अॅल्युमिनियमला तो हुंगतही नाही. म्हणूनच अॅल्युमिनियमच्या जाड नळीतून निओडिमियमचा चुंबक सोडावा आणि वरून डोकावून पाहावं. मीटरभर उंचीवरून दगड अर्ध्या सेकंदाच्या आत खाली येतो. हा मात्र काकवीत सोडलेल्या गोटीसारखा संथ उतरत राहतो. या संथपणाचा मला कधीच कंटाळा येत नाही.

१८२४ साली आरागोने तांब्याची तबकडी चुंबकसुईजवळ फिरवली, तर सुईही मागोमाग फिरू लागली. तांब्यात चुंबकत्व नाही, मग सुईला ओढलं कुणी? उलगडा १८३१मध्ये फॅरडेने केला. चुंबक आणि धातू एकमेकांसमोरून सरकले की धातूत विजेचे वर्तुळाकार प्रवाह उठतात, आणि ज्या हालचालीतून ते उठले तिलाच अडवतात. नळीत चुंबकाच्या खालचे प्रवाह त्याला वर ढकलतात, वरचे प्रवाह वर खेचतात.

हा रोध मोजायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. प्लॅस्टिकच्या डब्यात वाळू भरून नळी तिच्यात उभी रोवायची, डबा काट्यावर ठेवायचा आणि आकडा शून्यावर आणायचा. वीस ग्रॅमचा चुंबक सोडला की क्षणभर आकडे थरथरतात, मग वीसवर ठरतात. चुंबक अजून नळीच्या मध्यावर आहे, कशावरही टेकलेला नाही, तरी त्याचं सगळं वजन काट्यावर उतरलेलं आहे! नळी चुंबकाला जेवढ्या जोराने वर रेटते, तेवढ्याच जोराने चुंबक नळीला खाली दाबतो. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत सगळ्यांनीच घोकलेला असतो. तो असा आकड्यात उमटताना पाहणं निराळं.

घर्षण आणि हा रोध यांत एक मोठा फरक आहे. घर्षण वस्तूला जागच्या जागी धरून ठेवू शकतं. हा रोध वेगावर जगतो: वेग दुप्पट तर रोध दुप्पट, वेग शून्य तर रोधही शून्य. म्हणून नळी चुंबकाला कितीही रेंगाळवेल, पण थांबवू शकणार नाही. पडताळा घ्यायचा तर चुंबकाला शिशाचा तुकडा चिकटवून एकूण वजन दुप्पट करावं. उतरायला जवळपास निम्माच वेळ लागतो. गमावलेली ऊर्जा नळीत उष्णता होऊन मुरते, पण अर्धा किलोच्या नळीचं तापमान त्याने अंशाच्या हजाराव्या भागाइतकंही वाढत नाही. हात लावून काही कळायचं नाही.

घरोघरच्या जुन्या वीजमीटरमध्ये फिरणारी अॅल्युमिनियमची चकती आठवते? तिच्या कडेशी बसवलेला कायमचुंबक याच रोधाने तिला आवरायचा. तो नसता तर चकतीचा वेग वाढतच गेला असता. रोध वेगाच्या प्रमाणात असल्यामुळेच चकतीचा वेग विजेच्या वापराशी इमान राखायचा, आणि फेऱ्या मोजून युनिटं काढता यायची.

आता नळीला करवतीने उभी चीर पाडून पाहायचं आहे. नळीभोवती पुरा वळसा घेणारे प्रवाह तिथे तुटतील. काही चिरेच्या अलीकडूनच वळून आपली वर्तुळं पुरी करतील. चुंबक जास्त वेगाने उतरेल, पण काट्यावरचा आकडा स्थिरावला तर तो वीसच असेल, कारण वेग ठरला की रोध वजनाइतकाच असतो. चिरेने काय बदललं ते घड्याळच सांगेल.