पालखीतली चित्रे

फ्रान्सिस अलीस हा मूळचा बेल्जियमचा वास्तुविशारद. १९८६ साली तो मेक्सिको सिटीत आला आणि तिथल्या रस्त्यांनी त्याला कलावंत केले. चालणे हेच त्याच्या कलेचे साधन. १९९७ साली त्याने बर्फाची मोठी लादी त्या शहरातून ढकलत नेली. नऊ तासांहून अधिक काळ चालून तिचे पार पाणी झाले तेव्हाच तो थांबला. ही कसली कला, असे कुणी विचारील. रोज अशा लाद्या ओढणाऱ्या हमालाला हा प्रश्न बहुधा पडणार नाही.

मला अस्वस्थ केले ते त्याच्या दुसऱ्या एका पदयात्रेने. २३ जून २००२, रविवार. न्यूयॉर्कचे आधुनिक कलेचे संग्रहालय काही काळासाठी मॅनहॅटनहून क्वीन्सला हलत होते. अलीसने त्या स्थलांतराची मिरवणूक काढली, थेट आपल्या पॅरिशच्या सणाला निघते तशी: खांद्यांवर पालख्या, पेरू देशातल्या वादकांचा बँड, वाटेवर गुलाबपाकळ्या. पालख्यांत पिकासोचे चित्र, जाकोमेत्तीचे शिल्प, ड्यूशाँचे सायकलचे चाक. अर्थात साऱ्या प्रतिकृती.

ज्या खांद्यांनी मरियामातेची मूर्ती वाहिली त्यांना ही थट्टा वाटेल. मी मात्र तसे म्हणणार नाही. आपणही वाहतो ती प्रतिमाच, आणि चर्चबाहेर आणतो ती जे आत येत नाहीत त्यांच्यासाठी: दुकानातला वाणी, रिक्षावाला, खिडकीशी बसलेली आजारी म्हातारी. अलीसला मिरवणुकीचे हे मर्म नेमके उमगले होते. एका पालखीत मात्र त्याने किकी स्मिथ या हयात शिल्पकर्तीलाच बसवले. ते काही मला अजून रुचलेले नाही.