इंग्रजीची माफी कोणाला?

परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशप्रक्रियेत 'वेव्हर' नावाची एक सवलत असते. आयईएलटीएस किंवा टोफेल ही इंग्रजीची परीक्षा न देता प्रवेश मिळणे, असा तिचा अर्थ. आपली मुले तिला सरळ 'इंग्रजीची माफी' म्हणतात. माफी तर गुन्ह्याला असते. मग मराठीतून शिकणे हा गुन्हा कधी ठरला? आणि ही माफी मिळते तरी कोणाला? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधले की पहिल्याचेही सापडते.

मी मुकुटबनला राहते. झरी जामणी तालुका म्हणजे यवतमाळ जिल्ह्याचे तेलंगणाला टेकलेले टोक. इथल्या बाजारात मराठी, तेलुगू, कोलामी, गोंडी अशा चार भाषा कानावर पडतात. दोन-तीन भाषा सहज बोलणारी मुले इथे घरोघरी आहेत. त्याची नोंद कोणत्याही प्रवेश अर्जात होत नाही. अर्जात एकच भाषा मोजली जाते.

तिची किंमतही पाहा. भारतात आयईएलटीएसचे शुल्क सतरा-अठरा हजारांच्या घरात गेले आहे. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे एका परीक्षेसाठी ५७ दिवस माती उपसायची. त्यात नागपूरला जाणे-येणे, राहणे वेगळे. निकाल फक्त दोन वर्षे चालतो. गुण अर्ध्याने कमी पडले तर पुन्हा पैसे.

म्हणून सवलत हवी, हे कोणीही मान्य करील. पण सवलतीच्या अटी वाचा. पदवी इंग्रजी माध्यमातून झाल्याचे महाविद्यालयाचे पत्र द्या, ही पहिली वाट. बारावीच्या इंग्रजीत चांगले गुण दाखवा, ही दुसरी. तिथेही काही विद्यापीठे सीबीएसईला कमी आणि राज्य मंडळांना जास्त गुणांची अट घालतात. तिसरी वाट नागरिकत्वाची. ब्रिटनच्या व्हिसा नियमांत इंग्रजीभाषक देशांची यादी आहे. तीत जमैका आहे, भारत नाही.

आता पहिल्या वाटेने कोण जाऊ शकतो? अभियांत्रिकीचा, औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी. त्याचे शिक्षण इंग्रजीतच होते. आमच्या भागात बी.ए., एम.ए. करणारी मुले बहुतेक मराठीतून पेपर लिहितात. मी समाजशास्त्रात एम.ए. केले, दुर्खीम आणि वेबर मराठीतून वाचले, जातीवरची चर्चा मराठीतून केली. जातिव्यवस्थेचा अभ्यास ज्यांनी जगून केला, तीच मुले जास्त करून कला शाखेत आहेत आणि त्यांच्यासाठीच ही वाट बंद आहे. सवलत गरजूंच्या नावाने आहे, पोहोचते मात्र ज्याच्याजवळ आधीच इंग्रजी आहे त्याच्याकडे. शंभर वर्षांपूर्वी शाळेचे दार सर्वांना उघडे आहे म्हणत आणि आमच्या मुलांना बाहेर बसवत. हा त्याचाच सभ्य प्रकार आहे.

परदेशी शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना मी मुलामुलींसोबत बसते. त्यांतली एक मुलगी, आई-वडील शेतमजूर. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाने तिला प्रवेश दिला, अट फक्त इंग्रजीची. तिचे अर्धे पेपर आणि प्रकल्प अहवाल इंग्रजीत होते. महाविद्यालयात पत्र मागायला गेली, तर कार्यालयातले म्हणाले, "असलं पत्र आम्ही देत नाही." तीन फेऱ्या झाल्या. शेवटी आईच्या बचत गटातून कर्ज काढून तिने परीक्षा दिली आणि हवे तेवढे गुण मिळवले. पण पैसे जुळवण्यातच दीड महिना गेला होता. विनाअट प्रवेशपत्र हाती आले तेव्हा शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. तिची बुद्धी कमी पडली नाही, इंग्रजीही कमी पडले नाही. कमी पडले ते एक पत्र.

केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. तिला विनाअट प्रवेशपत्र लागते. म्हणजे शिष्यवृत्तीच्या दारात पोहोचण्याआधीच गरिबाने परीक्षेचा खर्च खिशातून करायचा. मदत मिळण्यासाठी आधी पैसा हवा, ही कसली मदत?

काही जण म्हणतील, बाबासाहेबांना कोणी सवलत दिली होती? बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा टोफेल नव्हती. ती १९६४ मध्ये आली, आयईएलटीएस १९८९ मध्ये. मुंबई विद्यापीठाची पदवी आणि सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती यांवर ते गेले. इंग्रजी त्यांनी कष्टाने मिळवली होती. रामजी सुभेदारांनी मुलाकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरी करून घेतली. त्यामुळे इंग्रजी नकोच, असे मी म्हणत नाही. इंग्रजी हवीच, आणि चांगली हवी. पण ज्याच्या घरी रामजी सुभेदार नाहीत, त्याच्यासाठी ती जबाबदारी शासनाने घ्यायला हवी.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. परीक्षेचे शुल्क शासनाने आधी भरावे, नंतर परतावा नको. बार्टीने स्पर्धा परीक्षांसोबत याही परीक्षेची तयारी तालुक्यापर्यंत न्यावी. महाविद्यालयांनी कोणते विषय, कोणती पुस्तके, कोणते लेखन इंग्रजीत झाले, याचे खरे पत्र ठरलेल्या मुदतीत द्यावे. परदेशी विद्यापीठांनी केवळ माध्यम न पाहता मुलाखत घ्यावी, लेखन वाचावे.

आणि मुलांनो, तुम्ही विचारायला लाजू नका. प्रवेश विभागाला थेट ई-मेल करा: माझ्या मंडळाचे गुण चालतील का, कोणते पत्र हवे? पदवीच्या अभ्यासक्रमासाठी इंग्रजीची खात्री विद्यापीठ स्वतः करू शकते, अशी सोय ब्रिटनच्या नियमांतच आहे. शहरातल्या मुलांना हे घरबसल्या कळते, आपल्याला विचारून घ्यावे लागते. विचारणे म्हणजे भीक मागणे नव्हे. आपल्याला माफी नको, हक्क हवा.

जय भीम!